दोन सुतांचा एक फूट

मराठी आरमाराचे जहाज काढ म्हटले की बहुतेक जण इंग्रजी जहाज काढतात आणि डोलकाठीवर भगवा लावून मोकळे होतात. शोभेच्या दुकानांत मिळणारी लाकडी गलबतेही त्याच वळणाची असतात : फुगीर छाती, मागे नक्षीदार खिडक्या, तीन काठ्यांवर चौकोनी शिडांची उतरंड. मराठी आरमारातल्या आंग्र्यांचे लढाऊ जहाज, म्हणजे गुराब, असे नव्हते. ती उथळ होती, लांबीच्या मानाने भलतीच रुंद होती आणि तिचे तोंड तर कुठल्याच इंग्रजी जहाजासारखे नव्हते. ही गुराब लाकडात, बारीकसारीक तपशिलांसह, घरच्या टेबलावर कशी बांधायची ते इथे सांगतो.

पहिली अडचण अशी की समोर ठेवून मापे घ्यावीत अशी गुराब आज नाही. तुळाजी आंग्र्यांचे आरमार फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत जळाले. वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींच्या मोहिमेत तोफगोळा पडला तो ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर, म्हणजे आंग्र्यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडूनच पूर्वी पकडलेल्या जहाजावर. तिथली आग शेजारच्या गुराबा-गलबतांवर पसरली आणि काही तासांत सगळे संपले. पेशव्यांची फौज तेव्हा इंग्रजांच्या बाजूला होती; तो विषय निघाला की रात्र पुरत नाही, म्हणून पुढे जाऊ.

गुराबीचे सर्वांत कामाचे वर्णन ज्यांनी ती जाळली त्यांच्याच बाजूने मिळते. रॉबर्ट ऑर्म या कंपनीच्या इतिहासकाराने 1763 साली छापलेल्या ग्रंथात परिच्छेदभर मजकूर दिला आहे. त्याचा सारांश असा : गुराबीला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. तीन काठ्यांची सुमारे 300 टनांची, दोन काठ्यांची 150 टनांपर्यंत. पाण्यात फार खोल जात नाही. लांबीच्या मानाने फार रुंद, मध्यापासून टोकांकडे निमुळती. पुढे इंग्रजी जहाजासारखी छाती नसून भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब, पुढे आलेली नाळ. नाळेवर मुख्य डेकच्याच पातळीत मजबूत डेक, पण मध्ये आडवी भिंत. भिंतीला दोन झरोके आणि त्यांतून नाळेवरून समोर मारा करणाऱ्या नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा. कुशींना सहा ते नऊ पौंडी तोफा.

एवढ्यावर जहाज बांधायचे. वाचताना वाक्य पुढे सरकते आणि आपल्याला सगळे कळल्यासारखे वाटते. पट्टी-पेन्सिल हातात घेतली की प्रत्येक शब्दाला विचारावे लागते, किती? कुठून? कशावर टेकलेले?

खानदेशातल्या चोपड्यात बसून हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. इथून समुद्र सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पण तालुक्याच्या दक्षिणेने वाहणारी तापी सुरतेलाच जाते, आणि सुरत-बऱ्हाणपूर हा जुना व्यापारी रस्ता थाळनेर, चोपडा, यावल, रावेर असा याच पट्ट्यातून जायचा. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी 1610 साली या वाटेने गेला आणि चोपड्याची नोंद मोठे गाव म्हणून करून गेला. शिवाय खानदेशी माणसाला जहाज नवीन नाही. जळगावला उतरून अजिंठ्याला जाणाऱ्या कोणीही दुसऱ्या लेण्यातली नौका बघितलेली असते : तीन डोलकाठ्या, उंच अरुंद शिडे, नाळेवर डोळा, मागे दोन बाजूंना सुकाणूची वल्ही आणि डेकवर ओळीने ठेवलेले रांजण. त्या चित्रातली गोष्ट शूर्पारकाच्या, म्हणजे सोपाऱ्याच्या, पूर्णाची. त्याच चित्रावरून गोव्यात फळ्या काथ्याने शिवून पुरी नौका बांधली गेली आणि 21 मे 2025 रोजी कारवारला ‘कौंडिण्य’ या नावाने ती नौदलात दाखल झाली. तिलाही जुना आराखडा नव्हताच. चित्रावरून आकार ठरवला, मग आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीवर चाचण्या घेऊन तो पाण्यात कसा वागेल ते तपासले. लहान प्रतिकृतीने मोठ्या जहाजाचे प्रश्न सुटतात, याचा याहून ताजा दाखला नको.

आता माप. ऑर्म लांबी-रुंदी देत नाही, टन देतो. त्या काळी टन म्हणजे जहाजाचे वजन नव्हे, पोटात माल किती मावेल त्याचा अंदाज. इंग्रज बंदरांत तो काढायची रीत ठरलेली होती : तळाच्या कण्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले अर्धी रुंदी, फुटांत, आणि त्याला 94 ने भाग. हे गणित उलटे चालवायचे. रुंदी 20 फूट धरली तर 150 टनांसाठी कणा 70 फुटांचा येतो. म्हणजे लांबी रुंदीच्या साडेतीन पट. हे साधारण जहाज झाले, ‘लांबीच्या मानाने फार रुंद’ झाले नाही. रुंदी 22 धरली तर कणा 58 फूट येतो. गुणून बघा : 58 गुणिले 22 गुणिले 11, भागिले 94, उत्तर 149 आणि वर थोडे. प्रमाण अडीच पटींच्या जरा वर. ऑर्मच्या शब्दांना हे जास्त जवळ जाते, म्हणून मी तेच धरले. कोणी 21 आणि 64 धरले तर भांडणार नाही. पण 16 फूट रुंदीची सडपातळ गुराब कोणी दाखवली तर ती गुराब नाही.

पाण्याखालच्या वळणासाठी ऑर्म पुरत नाही. तिथे फ्रांस्वा-एडमाँ पारी या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याचा आधार घ्यावा. युरोपाबाहेरच्या नौकांचे मोजून काढलेले आराखडे त्याने 1840च्या दशकात छापले, आणि त्यांत आपल्या किनाऱ्यावरच्या फतेमारीचे आराखडे आहेत. फतेमारी व्यापारी, गुराब लढाऊ, आणि मध्ये जवळजवळ शतकाचे अंतर. तरी उथळ पाण्यात चालणारा, पुढे झुकलेल्या नाळेचा, याच किनाऱ्यावर याच लाकडात घडलेला तळ कसा वळतो हे त्यावरून नजरेत बसते. पॅरिसच्या नौदल संग्रहालयाचा प्रमुख झाल्यावर पारीने आपल्या रेखाटनांवरून प्रतिकृतीही करवून घेतल्या.

प्रमाण 1:48 घ्या. जगभर हौशी लोक तेच घेतात. आपल्याला त्याचा वेगळाच फायदा आहे. सुतारी मापात इंचाचे आठ सूत. 48 पटींच्या प्रमाणात पाव इंच म्हणजे एक फूट, म्हणजेच दोन सुतांचा एक फूट आणि एक सूत म्हणजे सहा इंच. गावातल्या कुठल्याही सुताराला हे एकदा सांगितले की पुन्हा सांगावे लागत नाही. 58 फुटांचा कणा साडेचौदा इंच होतो, 22 फुटांची रुंदी साडेपाच इंच. नाळ आणि मागचा भाग धरून एकूण लांबी वीस-एकवीस इंच भरते. सुतापेक्षा बारीक कामाला मात्र मिलिमीटरच बरा.

लाकडाविषयी जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण इथेच माणसे भावनेच्या भरात चुकतात. पश्चिम किनाऱ्यावरची मोठी जहाजे सागाची. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे 1817 चे सागवानी जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभे आहे, यावरून सागाची लायकी कळते. सातपुड्याचा साग आपल्या दाराशी. तेव्हा प्रतिकृतीही सागाचीच, असे वाटणे साहजिक आहे. पण सागाची फळी भिंगाखाली धरून बघा. उभे-आडवे नळीसारखे छिद्र दिसते, पाव मिलिमीटर रुंद. 48 पटींनी ते 12 मिलिमीटर झाले. म्हणजे तुमच्या गुराबीच्या प्रत्येक फळीला करंगळी जाईल एवढे खड्डे. शिवाय सागात वाळूचा अंश असतो, त्याने बारीक पात्याची धार पाहता पाहता जाते. साग लहान होत नाही, हीच त्याची अडचण.

बाहेरच्या फळ्यांना हळदू घ्यावा. काही जण त्याला हेदू म्हणतात. रंग पिवळसर, रेषा बारीक आणि सारख्या. कंगवे, गिरणीतल्या बॉबिन असल्या गुळगुळीत कामांना हे लाकूड चालायचे ते उगाच नाही. कठड्याला आणि कुशीवरच्या जाड पट्ट्याला शिसव. मग सागाला काय काम? आतला सांगाडा. खानदेशात धाब्याची जुनी घरे पाडली जातात तेव्हा निघणाऱ्या तुळया आणि कड्या पिढ्यान्‌पिढ्या उन्हापावसात मुरलेल्या असतात. त्या आता वाकायच्या राहिलेल्या नाहीत. अशा कडीचा हातभर तुकडा सांगाड्याला पुरून उरतो. वखारीतून लाकूड घेताना पावती घ्या, आणि जंगलातून ‘कोणीतरी आणून देतो’ म्हणाले तर नको म्हणा. वनखात्याला प्रतिकृती आणि पलंग यांतला फरक सांगत बसावे लागेल.

सांगाडा करायच्या दोन-तीन रीती आहेत. सोपी रीत म्हणजे आडव्या फळ्या एकावर एक चिकटवून ठोकळा करायचा आणि बाहेरून तासायचा. अस्सल रीत म्हणजे खऱ्या जहाजासारख्या सगळ्या फासळ्या घडवायच्या. मधली रीत बहुतेकांना झेपते : एक उभा कणा आणि त्यात खाचा पाडून बसवलेले आडवे छेद. दर्यावर्दी ज्याला पठाण म्हणतात तो तळाचा कणा साडेचार मिलिमीटर जाडीचा काढायचा, आणि दीड-दीड इंचावर एक असे बाराएक छेद बसवायचे. प्रत्येक छेद म्हणजे जहाज त्या ठिकाणी आडवे कापले तर जो आकार दिसेल तो. आधी पुठ्ठ्याचे कापून बघा. पुठ्ठा दोन रुपयांचा, साग दोनशेचा.

एक गोष्ट कळून असावी, की आपल्याकडचे कारागीर जहाज या क्रमाने बांधत नसत. ‘कौंडिण्य’सारख्या शिवलेल्या नौकेत आधी फळ्यांचे कवच उभे राहते आणि आतल्या फासळ्या नंतर त्या वळणाला जुळवून बसवतात. आकार ठरवतात ते मिस्त्रीचे डोळे. आपण सांगाड्यापासून सुरुवात करतो कारण आपल्याला ते डोळे नाहीत.

छेद बसले, गुण्याने काटकोन तपासले, गोंद वाळला, की कडा उतरवायच्या. पुढच्या आणि मागच्या छेदांच्या कडा तिरप्या नसतील तर फळी नुसत्या धारेवर टेकते. दोन मिलिमीटरची लवचीक पट्टी घ्या, सलग तीन छेदांवर धरा आणि मागून उजेड बघा. जिथे फट दिसते तिथे नव्हे, तिच्या शेजारच्या छेदाला कानस लावायची. हे काम कंटाळवाणे आहे आणि सगळे जहाज त्यावरच उभे राहते.

मग फळ्या. त्यांची रुंदी मनाने ठरवायची नाही, वाटून घ्यायची. मधल्या छेदावर कागदाची पट्टी वरपासून तळापर्यंत गुंडाळून माप घ्या : समजा 132 मिलिमीटर. तसेच नाळेजवळच्या छेदावर : समजा 84. एका कुशीला 24 फळ्या धरल्या तर प्रत्येक फळी मध्यभागी साडेपाच मिलिमीटर आणि नाळेकडे साडेतीन. साडेपाच मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजात सव्वादहा-साडेदहा इंचांची फळी, शोभते. नाळेकडे फळी निम्म्याहून अरुंद व्हायला लागली तर एक फळी आधीच थांबवून शेजारच्या दोन एकत्र आणायच्या. जिथे घेर मध्यापेक्षा जास्त भरेल तिथे पाचरीसारखी जादा फळी घालायची. एक डावीकडे, एक उजवीकडे अशा पाळीनेच लावा. एकच कूस पुरी करायला घेतली तर कणा तिकडे ओढला जातो आणि केळ्यासारखा वाकतो. केळ्याच्या मुलखात राहत असलो तरी तेवढे केळे नको.

नाळेकडचे वळण कोरड्या फळीला झेपत नाही. गरम पाण्यात भिजवायची आणि तापलेल्या नळीवर हलक्या हाताने दाबत न्यायची. वळण बसले की कपड्यांच्या चिमट्यांनी सांगाड्यावर पकडून रात्रभर वाळवायची, मग फेविकॉल. ओली फळी चिकटवली तर ती वाळताना आकसते आणि सांध्यात रेघ उघडते.

ही रेघ खानदेशातला खरा शत्रू आहे. इथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, हवा खडखडीत, आणि दोन महिन्यांनी भिंतींना ओल. लाकूड कोरड्या हवेत आकसते, दमट हवेत फुगते, तेही रेषेच्या आडवे. श्रावणात फुगलेल्या फळ्या घट्ट बसवल्या तर वैशाखात प्रत्येक सांधा हसतो. वैशाखात बसवल्या तर श्रावणात एकमेकींना रेटून उचलल्या जातात. म्हणून फळ्या कापून त्याच खोलीत पावसाळा-उन्हाळा काढू द्याव्यात आणि लावायचे काम दिवाळीनंतर होळीपर्यंत उरकावे. भर उन्हात फेविकॉलवर साय धरते, तेही टळते.

खऱ्या जहाजात सांध्यांचे काय करत? अठराव्या शतकात सुरतेला आलेल्या युरोपी प्रवाशांना तिथल्या फळ्यांची जोडणी फार आवडली होती. एका फळीच्या कडेला खाच, दुसरीच्या कडेला तिच्यात बसणारी जीभ, आणि मध्ये राळेत भिजवलेला कापूस. खानदेशातला कापूस सुरतेच्या बाजारात जात असे. 1:48 मध्ये ती खाच कोणाला दिसणार नाही, म्हणून पाडू नका. फळीच्या एका कडेवरून मऊ पेन्सिल फिरवा. जोडल्यावर केसाएवढी काळी रेघ उरते, ती पुरे.

खिळ्यांची गोष्ट मात्र वेगळी. परदेशी हौशी लोक फळ्यांवर लाकडी मेखांचे ठिपके मारतात, कारण त्यांच्या जहाजांना मेखा असत. आपल्या किनाऱ्यावर फळ्या लोखंडी खिळ्यांनी ठोकत. तेव्हा ठिपका काळा हवा. शेतीपंपांच्या मोटरी बांधणाऱ्या दुकानात भंगारातली तांब्याची तार मिळते. 25 गेजची तार अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे प्रमाणात बरोबर इंचभर डोक्याचा खिळा. भोक पाडून तुकडा घुसवा, सपाट कापा, टोक काळे करा. चोपड्यात असले दुकान शोधावे लागत नाही.

आता नाळ. गुराब ओळखायची ती इथे, आणि सर्वाधिक वेळही इथेच द्यावा.

ऑर्म सांगतो की नाळेवरच्या डेकला बाकी जहाजासारखे कठडे नाहीत. ते उघडे आहे. कारणही देतो. अशी लांब, निमुळती नाळ असलेले जहाज समोरून येणाऱ्या लाटांत जोराने पुढे-मागे आपटते. नाळ पाण्यात घुसते, पाणी वर येते. कठडे असते तर ते पाणी तिथेच साचून नाळ आणखी खाली दाबली असती. उघड्या डेकवरून ते दोन्ही बाजूंनी वाहून जाते, आणि आडव्या भिंतीमुळे मागे मुख्य डेकवर शिरत नाही. म्हणजे ती भिंत, ते उघडे डेक आणि तोफांचे झरोके हे तीन सुटे तपशील नाहीत, एकाच अडचणीचे उत्तर आहे.

बांधताना याचा अर्थ असा. डेकच्या फळ्या मुख्य डेकपासून नाळेच्या टोकापर्यंत सलग न्यायच्या, कारण पातळी एकच. भिंत वरून बसवायची. नाळेच्या डेकला मध्यभागी किंचित उंची द्या, एक मिलिमीटरसुद्धा पुरते, म्हणजे पाणी कडेला जाईल. कडेला कठडा नाही, फक्त फळ्यांची टोके झाकणारी अरुंद पट्टी. टोकाकडे चार बोटे रुंदी उरते तिथे फळ्या एकमेकींत मिटवू नका. कडेच्या पट्टीत खाच पाडून प्रत्येक फळीचे बोथट टोक तिच्यात बसवा. अणकुचीदार टोक खऱ्या लाकडात पहिल्या वर्षीच कुजून निघाले असते.

झरोक्यांची उंची तोफेवरून ठरते. नऊ पौंडी तोफेचे तोंड आतून 4.2 इंच, म्हणजे प्रतिकृतीत 2.2 मिलिमीटर, नळी आठ फूट धरली तर दोन इंच. ही तोफ गाड्यावर ठेवून भिंतीमागे उभी करा आणि नाळेवरून समोर बघा. नाळ वर उचललेली असेल तर गोळा तिच्याच टोकाला लागतो. तेव्हा नाळ फार उचलता येत नाही. जुन्या चित्रांवरून कोणी ऐटदार वर वळलेली नाळ केली असेल, तर या तोफा तिथे ठेवून बघायला सांगा.

आंग्र्यांच्या लढाईत या दोन तोफाच महत्त्वाच्या होत्या. गुराबा शत्रूच्या पाठीमागे जमत आणि लांबूनच या तोफांनी त्याच्या डोलकाठ्यांवर मारा करत. पुढे तोंड करून लढणाऱ्या जहाजाला कुशीच्या तोफा दुय्यम. कुशीला मी पाच-पाच झरोके ठेवतो. आधी कागदाच्या तोफा कापून डेकवर मांडा. 22 फुटांच्या रुंदीतून दोन्ही बाजूंच्या फळ्या-फासळ्यांची जाडी वजा केली आणि समोरासमोर आठ-आठ फुटांच्या तोफा ठेवल्या की मध्ये माणसाला वावरायला जागा उरत नाही, मागे उसळायला तर मुळीच नाही. म्हणून कुशीला सहा पौंडी, आखूड तोफा घ्या. ऑर्मचे ‘सहा ते नऊ’ तिथे आपोआप पटते. तोफा पितळेच्या करून घ्या; शिसे नको. बंद पेटीत लाकडातून आणि प्लायमधून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते.

डोलकाठ्या सरळ रेषांच्या सागाच्या चालतात, कारण तिथे फळीची रुंद बाजू दिसत नाही. चौकोनी काठी घ्या, आठ कोनी करा, मग सोळा, मग पॉलिश पेपरमध्ये धरून फिरवा. शिडे उभारू नयेत असे माझे मत आहे. ऑर्म गुराबीच्या शिडांबद्दल बोलत नाही, आणि कापड इतक्या लहान प्रमाणात कधी वाऱ्याने भरल्यासारखे दिसत नाही. रुमाल वाळत घातल्यासारखे दिसते. परबाणाला, म्हणजे शीड ज्या काठीला बांधतात तिला, गुंडाळून बांधलेले शीड ठेवले तर दोन्ही प्रश्न मिटतात. त्यासाठी मलमल घ्यावी, आणि गुंडाळायला पूर्ण शीड घेऊ नये. एक तृतीयांश कापड पुरते, नाहीतर वळकटी गादीएवढी होते.

दोराची जाडी काढायला जुनी रीत लक्षात ठेवा : जहाजाचे दोर व्यासाने नव्हे, घेराने मोजत. सहा इंच घेराचा दोर म्हणजे साधारण 48 मिलिमीटर व्यास, आणि तो आपल्या प्रमाणात एक मिलिमीटर. हिशेब इतका सरळ बसतो की चार इंच घेराला दोन तृतीयांश मिलिमीटर हे तोंडी सांगता येते. सुती धागा तीन पदरी पिळून घरीच दोर करा. धाग्याची लव मेणबत्तीच्या ज्योतीवरून झपकन नेली की जळते. मग मधमाशीचे मेण चोळा. केळीच्या खोडाचा धागा आपल्याकडे सहज मिळतो म्हणून मोह होतो. तो चकाकतो, काथ्याचा दोर चकाकत नाही. दोर ओढताना पुन्हा हवेचा विचार : पिळाचा सुती दोर दमट हवेत आखडतो. उन्हाळ्यात सतारीच्या तारेसारखा ताणला तर पावसाळ्यात डोलकाठी वाकवतो. किंचित सैल ठेवा.

तळ पांढरा. समुद्रातली कीड लाकूड पोखरू नये म्हणून आपल्याकडे चुना आणि तेल-चरबीचा लेप देत. पांढरा रंग सपाट लावू नका. चुन्याचा हात दिल्यासारखा, कुठे जाड कुठे पातळ. पाणरेषेच्या वर उकळलेले जवसाचे तेल फडक्याने पातळ लावून पुसून घ्या. चकचकीत वॉर्निशने चांगल्या प्रतिकृतीचीही शोभेची वस्तू होते. काचेच्या पेटीला मागे खाली-वर बारीक भोके ठेवून त्यांवर कापड लावा. हवा खेळते आणि चैत्रातली धूळ बाहेर राहते.

एवढे सगळे पहिल्याच फटक्यात नको असेल तर गलबतापासून सुरुवात करावी. गलबत म्हणजे गुराबीचीच धाकटी बहीण : सत्तर टनांच्या आत, दोन काठ्या, मागची अगदी बारीक. मोठ्या काठीवर एकच भले मोठे त्रिकोणी शीड, इतके की उभारल्यावर त्याचे टोक काठीच्याही वर जाते. चाळीस-पन्नास वल्ही, आणि वारा पडला की हीच गलबते गुराबांना दोराने ओढत नेत. फळ्यांचे काम तेच, पण नाळेवरची तोफांची भानगड नाही. लहान गलबतांवर कठड्याला फिरत्या खुंट्यांवर बसवलेल्या छोट्या जंबुऱ्याच असत. डेक तर वजन हलके राहावे म्हणून चिरलेल्या बांबूचे. बुरूडाकडून जुन्या, पक्क्या बांबूची कांब आणा, मिलिमीटरभर रुंदीच्या कांबट्या चिरा, सालीची बाजू वर ठेवून खालून आडव्या दोन धाग्यांनी गुंफा आणि जागेवर नुसते टेकवा. चिकटवायचे नाही, खऱ्या गलबतावरही ते उचलता येण्याजोगेच सोयीचे, आणि प्रतिकृतीत ते उचलले की आतली वल्हेकऱ्यांची बाके दिसतात.